डेडवूडमध्ये कायदा नव्हता, सुप्यात तो जरा जास्तच होता

हा मागच्या एपिसोडचा लेखी अवतार आहे. ज्यांना पीएमपीच्या गर्दीत इयरफोन लावणं जमत नाही, त्यांच्यासाठी. रेकॉर्डिंगमध्ये आम्ही चौघं एकमेकांच्या अंगावर बोलत होतो, म्हणून शब्दाला शब्द उतरवण्यापेक्षा मी माझ्या भाषेत पुन्हा लिहिलंय. आणि एक घोळ निस्तरलाय. मी बोलण्याच्या ओघात म्हणून गेलो होतो की खऱ्या सेथ बुलकने भावाच्या विधवेशी लग्न केलं होतं. नाही हो. ते फक्त मालिकेत. खऱ्या बुलकची बायको मार्था ही त्याची आधीपासूनची ओळखीची, त्याच्या स्वतःच्याच पसंतीची. तिघा श्रोत्यांनी मेसेज करून कान धरला, आभारी आहे.

तर विषय होता ‘डेडवूड’. पावसाळ्यात दर शनिवारी कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटवर, भिंतीवर चादर लावून, उसन्या प्रोजेक्टरवर आम्ही ती पूर्ण बघितली. २००४ ते २००६, तीन सीझन, छत्तीस एपिसोड, आणि मग २०१९ चा सिनेमा. डेव्हिड मिल्च या माणसाने ती उभी केली. तुम्ही पाहिली नसेल तर एवढंच सांगतो की ही वेस्टर्न असली तरी घोड्यावर बसून सूर्यास्ताकडे जाणारी वेस्टर्न नव्हे. इथे चिखल आहे, दारू आहे, देवी येतात, प्रेतं डुकरांना घातली जातात, आणि दर वाक्याला शिवी. माझ्या रूममेटची आई एकदा अचानक गावाहून आली, तेव्हा आम्हाला म्यूट करून सबटायटलवर दोन एपिसोड काढावे लागले. सबटायटलही काही सोवळे नव्हते.

शिव्यांवरूनच आमची पहिली चर्चा झाली. खऱ्या डेडवूडमध्ये लोक अशा शिव्या देत होते का? देत होते, पण या नाही. त्या काळच्या शिव्या बऱ्याचशा देवाधर्माच्या नावाने होत्या, आणि आज ऐकल्या तर त्या हास्यास्पद वाटतात. मिल्चचं म्हणणं असं की त्या जशाच्या तशा वापरल्या असत्या तर प्रेक्षक हसला असता. म्हणून त्याने आजच्या शिव्या घातल्या, म्हणजे तेव्हाच्या माणसाला जो चटका बसायचा तो आजच्याला बसेल. मला हे पटतं. शब्द खोटा, चटका खरा. पण मग पुढचा प्रश्न येतोच. मालिकेत आणखी काय काय खोटं आहे, आणि ते कशासाठी?

खूप काही खरं आहे. वाइल्ड बिल हिकॉक डेडवूडमध्येच मारला गेला, २ ऑगस्ट १८७६ ला, पत्ते खेळताना, पाठीमागून डोक्यात गोळी. बुलक त्याच्या आदल्याच दिवशी, १ ऑगस्टला, गावात पोहोचला होता. त्याचं आणि सोल स्टारचं हार्डवेअरचं दुकान खरं. अल स्वेरेंजन खरा, त्याचं जेम हे थिएटरही खरं, फक्त ते १८७७ मध्ये उघडलं. मालिकेने ते आधीच उघडून ठेवलंय. तिसऱ्या सीझनचा खलनायक जॉर्ज हर्स्ट खरा, आणि त्याने १८७७ मध्ये घेतलेली होमस्टेक खाणही खरी. ती खाण २००२ पर्यंत चालू होती. तिथेच खोल जमिनीखाली रे डेव्हिसने न्यूट्रिनो पकडायचा प्रयोग केला आणि त्याच २००२ साली त्याला नोबेल मिळालं. हे विषयाशी संबंधित नाही, पण मी इंजिनिअर आहे, मला राहवत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. हिकॉकला मारणाऱ्या जॅक मॅकॉलवर गावातच खटला चालला. खाणकामगारांची ज्यूरी बसली. तो म्हणाला, हिकॉकने माझ्या भावाला मारलं होतं. ज्यूरीने त्याला सोडून दिलं! पुढे त्याला पुन्हा पकडलं, यँक्टनला नेलं, पुन्हा खटला चालवला, आणि १ मार्च १८७७ ला फाशी दिली. एका गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालत नाही, हे तर आपल्यालाही माहीत आहे. मग हे कसं चाललं? कारण पहिलं कोर्ट कोर्टच नव्हतं. अख्खं डेडवूड बेकायदा होतं. १८६८ च्या फोर्ट लारामी तहाप्रमाणे ब्लॅक हिल्स हा लाकोटा लोकांचा मुलूख. १८७४ मध्ये कस्टरच्या तुकडीने तिथे सोनं असल्याची बातमी आणली आणि लोक घुसले. जिथे राहण्याचाच हक्क नाही, तिथे खटला चालवण्याचा कुठून येणार?

हे लक्षात ठेवून मालिका परत बघा, वेगळीच दिसते. खून, मारामारी हे वरवरचं. आतून सगळे एकाच चिंतेत आहेत, की उद्या सरकार आलं तर माझा खाणपट्टा माझा राहील का? दुसऱ्या सीझनमध्ये यँक्टनहून आलेला कमिशनर खाणपट्ट्यांच्या मालकीबद्दल शंका निर्माण करणारी एक नोटीस लावतो, आणि गाव वेडं होतं. एका कागदाने! स्वेरेंजनसारखा गळे कापणारा माणूससुद्धा रात्ररात्र जागून कायदेमंडळातल्या कुणाला किती लाच द्यायची याचा हिशेब करतो. म्हणजे कायदा नसलेल्या गावात लोकांना सगळ्यात जास्त काय हवंय? कागद. शिक्का मारलेला, नाव लिहिलेला, कोर्टात चालेल असा कागद.

रेकॉर्डिंगमध्ये इथे थोडी शांतता आहे, ती नेट गेल्यामुळे नाही. इथे आमचा चौथा मित्र पहिल्यांदा बोलला. तो माझ्याच ऑफिसात टेस्टिंगला आहे, पुरंदर तालुक्यातला. तो म्हणाला, “तुम्ही १८७६, १८७७ म्हणताय. त्याच वर्षी आपल्याकडे काय चाललं होतं माहितीये का? आपल्याकडे लोक कागद जाळत होते.”

खरं सांगतो, मी मान डोलावली, पण मला नीट माहीत नव्हतं. शाळेत ‘दख्खनचे दंगे’ असा एक परिच्छेद होता, पाच मार्कांचा. मग पुढचे दोन आठवडे मी वाचत बसलो. जे हाती लागलं ते तुम्हाला सांगतो.

गंमत म्हणजे गोष्ट सुरू होते तीही अमेरिकेतूनच, आणि त्याच युद्धातून ज्यात हिकॉक उत्तरेच्या बाजूने होता. १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि मुंबईतून जाणाऱ्या कापसाचे भाव चढले. बाजारात पैसा खेळायला लागला. सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि हात आखडले. त्यातच १८६७ पासून इंदापूरहून सुरुवात करून सरकारने शेतसाऱ्याची फेरआकारणी केली. काही तालुक्यांत सारा पन्नास टक्क्यांच्या वर वाढला. म्हणजे उत्पन्न खाली, सारा वर, आणि मधल्या फटीत उभा सावकार.

आता यातला कागदाचा भाग बघा, कारण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. १८५९ मध्ये मुदतीचा कायदा आला. कर्जरोखा तीनच वर्षं चालणार. हेतू चांगला होता, की व्याज वर्षानुवर्षं साचू नये. पण सावकारांनी त्यातून वाट काढली. तीन वर्षं झाली की जुनी बाकी अधिक व्याज ही नवी मुद्दल धरायची, आणि नवा रोखा लिहून घ्यायचा. मी आपला एक हिशेब मांडून बघितला. समजा शंभर रुपये, शेकडा दोन दरमहा. तीन वर्षांनी १७२. रोखा नवा. सहा वर्षांनी २९६. रोखा नवा. नऊ वर्षांनी ५०९. शेतकऱ्याच्या हातात नऊ वर्षांपूर्वी आलेले तेच शंभर. आणि त्याला वाचता येत नाही, त्यामुळे कागदावर १७२ लिहिलेत की २७२ हेही तो सांगू शकत नाही. कोर्टात गेलं की न्यायाधीश काय बघणार? शेवटचा रोखा. सही आहे? अंगठा आहे? झालं, हुकूमनामा घ्या, जप्ती आणा. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिमला फक्त शेवटची एंट्री दिसायची, मागचा लॉग कुणी उघडतच नव्हतं.

तर १२ मे १८७५. सुपे. आज बारामती तालुक्यात येतं, तेव्हा भीमथडीत. बाजाराचा दिवस. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर गेले. त्यांनी मागितलं काय, तर वह्या आणि रोखे. मिळाले ते बाजारात आणून पेटवले. धान्याची दुकानं लुटली, काही घरांना आगी लावल्या. पण बहुतेक ठिकाणी कागद हातात आल्यावर गर्दी शांत व्हायची, माणसांना मारहाण त्यामानाने फार थोडी झाली. तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं, तीसहून जास्त गावांत. ठिणगी त्याआधीच शिरूर तालुक्यात कर्डे गावात पडली होती. तिथे १८७४ च्या डिसेंबरात गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या दुकानातून खरेदी बंद, त्यांच्याकडे कामं बंद.

आता दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. डेडवूडमध्ये लोक कागदासाठी खून करतायत. सुप्यात लोक खून न करता कागद जाळतायत. अंतर एका वर्षाचं. मला वाटतं, वेस्टर्न म्हटल्यावर आपण जे ‘कायदा विरुद्ध बंदूक’ म्हणतो ते आपल्याकडे चालत नाही, याचं कारण हेच आहे. आपल्याकडे कायदा पोहोचलेला होता. कोर्ट होतं, स्टँप होता, बेलीफ होता. लोकांना छळत होतं ते हेच सगळं. तिकडच्या हिरोला शेरीफचा बिल्ला हवा, इकडच्या माणसाला बिल्लेवाल्यापासून सुटका हवी.

(कुणीतरी आता लिहिणारच, की आपली वेस्टर्न म्हणजे ‘शोले’. ती आली १५ ऑगस्ट १९७५ ला, सुप्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी. मला ‘शोले’ तोंडपाठ आहे. पण रामगढमध्ये सावकार कुठे आहे? सगळ्या गावाचा त्रास एकटा गब्बर. त्यापेक्षा बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये कोल्हापुरात केलेला ‘सावकारी पाश’ हा मूकपट या गोष्टीच्या जास्त जवळ जातो. त्यात तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते.)

आणि मग दुष्काळ. १८७६ ते १८७८. ज्या महिन्यांत डेडवूडमध्ये लोक सोन्याचे खडे तागडीत मोजत होते, त्या महिन्यांत दख्खनमध्ये ज्वारी तागडीत मोजली जात होती. सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने दुष्काळी कामावरच्या मजुराचं धान्य दिवसाला एक पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम, आणि वर एक आणा असं ठरवलं. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, जी १८७० मध्ये स्थापन झाली होती, त्यावर अर्जामागून अर्ज केले. टेंपल पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला.

या दुष्काळातून आपली खरीखुरी ‘वाँटेड’ पोस्टरवाली गोष्ट निघते. वासुदेव बळवंत फडके. जन्म शिरढोणचा, १८४५ चा, आणि पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून. कारकून! दिवसभर सरकारी आकडे लिहिणारा माणूस. दुष्काळात गावोगाव फिरून आला आणि रामोशी, कोळी अशा लोकांना बरोबर घेऊन बंड पुकारलं. फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला दरोडा. मे महिन्यात कोकणात पळस्पे आणि चिखली. सरकारने त्यांच्या डोक्यावर बक्षीस लावलं, तर त्यांनी उलट जाहीरनामा काढून गव्हर्नरच्या डोक्यावर बक्षीस लावलं. हा सीन कुणी लिहिला असता तर आपण म्हटलं असतं, जरा फिल्मी होतंय.

त्याच मे महिन्यात पुण्यात बुधवार वाडा जळाला, विश्रामबागवाड्यालाही आग लागली. सरकारला वाटलं हे फडक्यांच्याच लोकांचं काम. पुण्याच्या शिकल्यासवरल्या माणसांवर संशयाची नजर वळली. महादेव गोविंद रानडे यांची बदली धुळ्याला झाली, आणि तिथे त्यांची पत्रं फोडून पाहिली जात. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत हे लिहून ठेवलंय. आणि योगायोग म्हणा, त्याच वर्षी सप्टेंबरात डेडवूडही जळालं. २६ सप्टेंबर १८७९. स्वेरेंजनचं जेम त्यात गेलं. त्याने ते पुन्हा बांधलं.

फडके त्याआधी, जुलैमध्येच, विजापूरच्या बाजूला देवर नावदगी इथे झोपेत पकडले गेले. मेजर डॅनियलने पकडलं. पुण्यात संगमावरच्या कोर्टात खटला चालला, बचावाला गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका. एडनला जन्मठेप. तिथल्या तुरुंगातून ते एकदा निसटलेसुद्धा, पण लगेच सापडले. १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच वारले.

इथपर्यंत मी प्रचंड उत्साहात होतो. आमच्या ग्रुपवर मी एक लांबलचक मेसेज टाकला. आपण मराठी डेडवूड लिहायचं, तीन सीझन, पहिला सुपे, दुसरा दुष्काळ, तिसरा फडके. फडक्यांवर गजेंद्र अहिरेंचा २००७ चा सिनेमा आहे, पण मला एका माणसाची गोष्ट नको होती, गावाची हवी होती. मित्राचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, व्हॉइस नोट होती. त्याच्या परवानगीने सारांश देतो.

तो म्हणाला, “अरे, डेडवूडमध्ये तो स्वेरेंजन एका खोक्याशी बोलतो, आठवतंय? खोक्यात लाकोटा माणसाचं कापलेलं डोकं असतं. तो त्याला ‘चीफ’ म्हणतो आणि आपलं मन मोकळं करतो. ज्यांच्या जमिनीवर सगळं गाव उभंय, त्यांचा अख्ख्या मालिकेतला सगळ्यात मोठा रोल तो. तुझ्या मालिकेत आम्ही ते डोकं असणार.”

आम्ही म्हणजे रामोशी. तो रामोशी समाजातला आहे, हे मला चार वर्षांत माहीत नव्हतं. मी विचारलं नव्हतं, त्याने सांगितलं नव्हतं. ऑफिसात आडनावावरून अंदाज बांधणारे बांधतात, त्यात मीही असेन कदाचित.

मी फडक्यांचं आत्मवृत्त काढून बसलो. ते त्यांनी लपून फिरत असताना लिहिलं आणि खटल्यात ते सरकारी पुरावा म्हणून वापरलं गेलं. त्यात ते आपल्याच रामोशी साथीदारांबद्दल तक्रार करतात, की यांना लुटीतलं हवंय, स्वराज्याचं यांना पडलेलं नाही. त्या निराशेत ते श्रीशैलला गेले, जीव द्यायचा विचार करत होते. आधी वाचताना मला फडक्यांचं वाईट वाटलं होतं. व्हॉइस नोटनंतर परत वाचलं तेव्हा वेगळाच प्रश्न पडला. दुष्काळ चालू आहे. घरी बायकापोरं उपाशी. अशा वेळी लुटीतला वाटा मागणारा माणूस लोभी म्हणायचा का? त्याचं आत्मवृत्त कुठाय? ते नाही. त्याची बाजू मांडणारा एकही कागद माझ्या हाती लागला नाही.

त्याच्या आधी पन्नास वर्षं उमाजी नाईक. पुरंदरच्या भिवडीचे, मित्राच्या तालुक्यातलेच. इंग्रजांना त्यांनी वर्षानुवर्षं झुलवलं, १८३१ च्या डिसेंबरात पकडले गेले, आणि ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात खडकमाळ आळीच्या मामलेदार कचेरीत फाशी. मी रोज बाइकवरून त्या भागातून जायचो एके काळी, क्लासला. उमाजींबद्दल आणि रामोशांबद्दल त्या काळचं सविस्तर पुस्तक कोणी लिहिलं, तर त्यांच्या मोहिमेवर असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशने, १८३३ मध्ये. म्हणजे पकडणाऱ्यानेच चरित्र लिहायचं. पन्नास वर्षांनी फडक्यांचं आत्मवृत्त पोलिसांच्या फायलीत. आपल्या वेस्टर्नची सगळी स्क्रिप्ट ही अशी समोरच्या पार्टीच्या कपाटात आहे.

आणि पुढे तर कहर. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. जन्माने गुन्हेगार! मित्राची आज्जी सांगायची, की तिच्या सासऱ्यांना चावडीवर हजेरी लावायला जावं लागायचं, आणि हजेरीचं बुक गावच्या कुलकर्ण्याकडे असायचं. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला. रामोशी आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत. विमुक्त हा शब्द मी आरक्षणाच्या फॉर्मवर हजारदा वाचलाय. कशातून मुक्त, हे कधी विचारलं नाही.

आता माझी बाजू, कारण ती लपवली तर या एपिसोडला अर्थ नाही. आमचं आडनाव वेगळं असलं तरी घराण्यात शिरूरकडच्या एका गावाचं कुलकर्णीपण होतं. आजोबा अभिमानाने सांगायचे, आपल्या घरात लेखणी होती. गावात रोखे लिहिणार कोण? ज्याच्या हातात लेखणी आहे तो. मी आजोबांचं सगळं बोलणं आठवून बघितलं. मोडीतले कागद एका ट्रंकेत होते आणि ट्रंकेला वाळवी लागली, एवढंच ते सांगायचे. काय लिहिलं होतं त्यात, याबद्दल काही नाही. कदाचित नुसते वर्षासनाचे हिशेब असतील. कदाचित १७२ च्या जागी २७२ असेल. मला कळायला मार्ग नाही. हे मी मित्राला सांगितलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “वाळवीनेच जाळले म्हण की.”

सरकारने सुप्यानंतर कमिशन नेमलं आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आणला. यात मला एक गोष्ट फार आवडली. कोर्टाला मुभा मिळाली की फक्त शेवटचा रोखा बघू नका, मागे जा, पहिल्यांदा किती पैसे दिले होते तिथपर्यंत हिशेब उकला. म्हणजे लॉग उघडा! कर्जासाठी शेतकऱ्याला कैद करणंही थांबलं, आणि रोखे लिहायला गावासाठी सरकारी निबंधक आले. पुढे सावकारांनी गहाणाऐवजी थेट खरेदीखतं करून घ्यायला सुरुवात केली, तो भाग वेगळा. पण हा कायदा आला तो कुणी भाषण केलं म्हणून नाही, बाजारात वह्या पेटल्या म्हणून.

आणि लाकोटांचं काय झालं, हे मालिकेत नाही, म्हणून सांगतो. २८ फेब्रुवारी १८७७ ला अमेरिकन काँग्रेसने कायदा करून ब्लॅक हिल्स घेऊन टाकल्या. दुसऱ्याच दिवशी मॅकॉलला फाशी झाली. १९८० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की जमिनीची योग्य भरपाई दिली गेली नव्हती. व्याज धरून दहा कोटी डॉलरच्या वर रक्कम निघाली. लाकोटांनी ती घेतलेली नाही. जमीन विकायची नव्हती, मग पैसे कसले, असं ते म्हणतात. ती रक्कम खात्यात पडून वाढतेय.

गेल्या रविवारी आम्ही दोघं बाइकवर सुप्याला जाऊन आलो. सासवड, जेजुरी, मोरगाव, आणि पुढे सुपे. जेजुरीपर्यंत पाऊस होता. सुप्यात चहा घेतला, आणि तिथे बसून आमचं भांडण झालं, पहिल्या सीनवरून. डेडवूडचा पहिला सीन म्हणजे रात्र, तुरुंगाबाहेर जमाव, आणि बुलक एका कैद्याला जमावाच्या हातून वाचवून स्वतः कायद्याने फाशी देतो. माझं म्हणणं, आपली सुरुवात बाजारातल्या आगीने करू. तो म्हणाला, नको. त्याच्या मते सुरुवात आदल्या रात्री व्हावी. गावाची राखण रामोशाकडे असायची. सावकाराच्या दुकानाची राखणही तोच करतो. त्याला माहीत आहे उद्या काय होणार आहे. आणि त्याचाही रोखा त्याच दुकानात आहे.

मी विचारलं, मग तो काय करतो?

“लिहू ना,” तो म्हणाला, “पण या वेळी लिहिणार मी.”

एपिसोडची लिंक वर आहे. रोख्यांबद्दल, हजेरीबद्दल तुमच्या घरात कुणी काही बोलत असेल तर व्हॉइस नोट पाठवा. मोडी वाचता येणारं कुणी असेल तर आधी पाठवा, कारण ट्रंकेच्या तळाशी दोन कागद शिल्लक आहेत असं आई काल फोनवर म्हणाली.